आधी मळ ओळख, मग पाणी मार

पत्र:
"दादा, मी पारोळा तालुक्यातला, वय २३. बारावीनंतर दीड वर्षापासून हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरवर कामाला आहे. शिकवलं कुणीच नाही. पहिल्याच दिवशी हातात पंप दिला आणि म्हणाले, मार पाणी. मागच्या महिन्यात गावातल्या एका सरांनी त्यांची नवी काळी गाडी घरी येऊन धुवून दे म्हणून सांगितलं. मी मनापासून धुतली, चांगली घासून. दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा. सरांच्या अजून लक्षात आलेलं नाही. मला हे काम नीट शिकायचंय, पुढे स्वतःचं सुरू करायचंय. पुण्याच्या कोर्सची फी परवडत नाही. घरचे म्हणतात, गाड्या धुवायला काय शिकायचं असतं? सुरुवात कुठून करू? आणि सरांचं काय करू?"

भाऊ,

तुझ्या पत्रातला एक शब्द माझ्या मनात राहिला. "घासून." तुझा सगळा प्रश्न त्या एका शब्दात आहे, आणि उत्तरही तिथूनच सुरू होतं. तू आळस केला असतास, नुसतं पाणी मारून गाडी सोडून दिली असतीस, तर त्या रेघा आल्या नसत्या. मेहनत केलीस म्हणून आल्या. मेहनत कुठे करायची आणि हात कुठे हलका ठेवायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती त्याची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे केसापेक्षा पातळ अशा एका थरावर आपण रोज हात फिरवतो. आपल्याकडच्या रस्त्यावरचा फुफाटा म्हणजे नुसती माती नसते. त्यात मुरूम असतो, खडी क्रशरची कच असते, रस्त्याच्या कामाची बारीक वाळू असते. ही कच क्लिअर कोटपेक्षा कडक. ती स्पंजात किंवा जुन्या बनियनच्या फडक्यात अडकली आणि तू गोल गोल घासलंस, की प्रत्येक फेरीला बारीक ओरखडा पडतो. पांढऱ्या गाडीवरही तो पडतो, फक्त दिसत नाही. काळी गाडी सगळं दाखवते.

म्हणून पहिला धडा हा: पाण्याला हात लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी मार आणि मळ कोणता आहे ते ओळख. सुका धुरळा आहे की वाळलेली काळी माती? बंपरवर हायवेचे किडे चिकटलेत का? टपावर पक्ष्याची विष्ठा किंवा झाडाचा डिंक आहे का? प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो. सेंटरवर सगळ्याला एकच उपाय असतो, जोरात पाणी आणि जोरात घासणं. कुणी काही विचारलं तर शेठ म्हणतो, "काय नही व्हस, मार पाणी." होतं, भाऊ. तू ते उन्हात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस.

त्याच फेरीत आधीचे ओरखडे, पोचे, फुटलेला दिवा मालकाला दाखव आणि मोबाईलवर फोटो काढ. यात संशय घेण्यासारखं काही नाही, चांगल्या ठिकाणी हीच पद्धत असते.

आता धुण्याचा क्रम. गाडी सावलीत घे. बॉनेटवर तळहात नाही, हाताची मागची बाजू ठेव. चटका बसला तर पाणी मारायचं नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच काम कर. तापल्या पत्र्यावर शांपू वाळतो, त्याचे डाग वेगळे निस्तरावे लागतात.

सुरुवात चाकांपासून. सगळ्यात घाण तिथे असते. ब्रेकची काळी पूड, डांबर, ग्रीस. चाकांची बालदी वेगळी, ब्रश वेगळा, फडकी वेगळी. ती पत्र्याला कधीच लागता कामा नयेत. चाकं आधी करायची ती याचसाठी की तिथली घाण धुतलेल्या पत्र्यावर उडू नये.

मग नुसत्या पाण्याने वरून खाली धुऊन घे, फोम मार आणि चार-पाच मिनिटं थांब. हे थांबणं म्हणजेच काम, ते वाया गेलेली मिनिटं समजू नकोस. फोम माती सैल करतो आणि तिला स्वतःबरोबर खाली नेतो. फोम वाळायच्या आत धुऊन टाक. दाराखालची, चाकाच्या कमानीतली काळी माती एवढ्याने निघाली नाही तर पुन्हा भिजव. आपली काळी माती वाळली की दगड आणि भिजली की लोणी. शेतकऱ्याच्या पोराला हे मी काय सांगू. तिला फक्त वेळ दे, नखाने किंवा ब्रशने खरवडू नकोस.

इतकं झाल्यावर मग हात लावायचा, तोही दोन बालद्या घेऊन. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडव, एक भाग पूस, मग साध्या पाण्यात खळखळून धू, पिळ आणि मगच परत शांपूत. साध्या पाण्याच्या बालदीत तळाशी जाळी ठेवतात, म्हणजे बसलेली कच वर येत नाही. पहिल्या गाडीनंतर त्या बालदीच्या तळाशी हात घालून बघ. बोटाला जी रवाळ कच लागेल, ती सरांच्या बॉनेटवर फिरली होती. हात सरळ रेषेत चालव, टपापासून खाली, आणि दाराच्या खालच्या पट्ट्या अगदी शेवटी. वजन फक्त मोज्याचं, हाताचं नाही.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड यापुढे गाडीला लावू नकोस. मळ निघतो, पण रंगावरचं मेण आणि संरक्षणही निघून जातं. गाडीसाठीचा न्यूट्रल शांपू बालदीला झाकणभर पुरतो, त्यामुळे महागही पडत नाही. हातमोजा किंवा फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवशी ते पुन्हा गाडीला लागणार नाही, हा नियम कर. कितीही झटकलं तरी.

पुसणं हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, कारण पाणी. बहुतेक सेंटरं बोअरवर चालतात आणि बोअरचं पाणी जड असतं. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर साचतो तोच क्षार थेंब वाळला की काचेवर आणि रंगावर गोल ठिपका होऊन बसतो. ऊन लागलं की भाजल्यासारखा पक्का होतो. म्हणून गाडी आपोआप वाळू द्यायची नाही. मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरव, हलकेच ओढून घे. आरसे, दारांच्या मुठी, नंबरप्लेटच्या फटीतलं पाणी पाच मिनिटांनी परत गळतं, ते दुसऱ्यांदा पूस. शक्य असेल तर शेवटची एक बालदी फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची वापर. ठिपके पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं मिसळून फडक्यावर घे, मिनिटभर ठिपक्यावर ठेव, पूस आणि धुऊन टाक. तरी राहिला तर तो क्षार रंगात उतरलेला आहे, तिथे पॉलिशच लागतं.

आता आपल्याकडचे दोन डाग. पुण्याच्या कोर्सात हे कुणी शिकवणार नाही.

पहिला हळदीचा. लग्नसराईत नवरदेवाच्या गाडीची सीट पाहिलीस ना? मी धुळ्यात या कामाला लागलो तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात अशी एक गाडी आली. आत फिकट कापडी सीट, मागे हळदीचे हात उमटलेले. ज्या सेंटरवर मी होतो तिथे कपड्यांच्या पावडरीचं कडक पाणी करून ठेवलेलं असायचं. मी ते ओतलं आणि ब्रश घेतला. डोळ्यांदेखत पिवळा डाग लाल झाला, कुंकवासारखा. मला घाम फुटला. मी अजून घासलं, तो अजून पसरला.

पुढे कळलं की ते खरंच कुंकूच होतं. हळदीला चुना लावून पारंपरिक कुंकू करतात, तीच क्रिया. साबणाची पावडर अल्कलीची, हळदीतला रंग अल्कली लागला की लाल होतो. आंबट लागलं की परत पिवळा. त्या दिवशी एका म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं म्हणून लिंबाचं पाणी लावलं आणि लाल गेला. उरलेला पिवळा उन्हाने नेला, कारण हळदीचा रंग ऊन सहन करत नाही. तेव्हा तुझ्यासाठी कृती अशी: सुकी हळद आधी व्हॅक्यूमने ओढून घे, ओलं फडकं लावूच नकोस. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी, पांढऱ्या फडक्यावर घेऊन डाग टिपायचा, चोळायचा नाही. आधी सीटखालच्या कोपऱ्यात कापडाचा रंग जातो का ते बघ. मग दार उघडं ठेवून दोन-तीन दिवस सीटवर ऊन पडेल अशी गाडी लावायला मालकाला सांग. नवीन गाडीच्या पूजेत बॉनेटवर पडलेली हळद-कुंकू मात्र फुंकर मारून, पाणी वाहवून काढ. ती पुसली तर पूजेच्या तांदळाचे आणि नारळाच्या शेंडीचे ओरखडे पहिल्याच दिवशी नव्या रंगावर पडतात.

दुसरा डाग केळीचा चीक. रावेर-यावलकडच्या गाड्यांत हा असतोच. बागेतून आलेल्या माणसाचे कपडे, हात, डिकीत ठेवलेले घड. ताजा चीक पाण्यासारखा दिसतो म्हणून कुणी लक्ष देत नाही; हवा लागली की तो तपकिरी, काळा पडतो आणि कापडात कायमचा बसतो. ताजा असेल तर लगेच गार पाण्याने आणि शांपूने टिप. जुना असेल तर फिकट करून दे, पण "निघेल" असा शब्द देऊ नकोस. आधीच सांग, "थोडा राहील." खरं आधी सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं. आणि थिनर, पेट्रोल घेऊन प्रयोग करू नकोस. प्लास्टिक आणि रेक्झिन चरचरून पांढरं पडतं.

आतल्या कामाचा नियम सोपा आहे: आधी कोरडं, मग ओलं, काच सगळ्यात शेवटी. मॅट बाहेर काढ, झटक, मऊ ब्रशने एसीच्या जाळ्या आणि फटी मोकळ्या करत व्हॅक्यूम मार. सर्वकामी क्लीनर डब्यावर लिहिलंय तितकाच पातळ कर. एकास दहा म्हणजे एक भाग औषध आणि दहा भाग पाणी. मोजपात्र ठेव, अंदाजाने ओतू नकोस. फवारा फडक्यावर मारायचा, डॅशबोर्डवर नाही, कारण तिथे बटणं आणि स्क्रीन असतात. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, तिथे पाणी जाता कामा नये. छताचं कापड आत गोंदाने चिकटवलेलं असतं, ते भिजवलंस तर महिन्याभरात लोंबायला लागतं. ओलसर फडक्याने टिपण्यापलीकडे जाऊ नकोस. सीट ओली धुतलीस तर पूर्ण वाळल्याशिवाय दारं बंद करून गाडी देऊ नकोस, पावसाळ्यात तर नाहीच. वास येतो, आणि तो वास तुझ्या नावावर जातो.

आणि ते चकचकीत सिलिकॉनचं डॅशबोर्ड पॉलिश. गिऱ्हाइकाला आवडतं, मला माहीत आहे. पण ते धूळ धरतं आणि दुपारच्या उन्हात समोरच्या काचेत डॅशबोर्ड चमकतो, रस्ता दिसत नाही. स्टिअरिंगला, पेडलला, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला तर कुठलंच पॉलिश लावायचं नाही. पाय सटकला तर माणूस जातो.

इंजिन धुण्याच्या भानगडीत पहिलं वर्षभर पडू नकोस. कोरड्या ब्रशने आणि ओलसर फडक्याने वरवर पुसून दे, इतकंच. गाडीखाली डिझेल मारायची जी पद्धत आहे तीही सोड. चकाकी दोन दिवसांची, आणि खालचे रबरी बुश डिझेलने फुगतात.

आता तुझ्या स्वतःच्या अंगाविषयी, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. सेंटरवर नाव नसलेल्या कॅनमध्ये "अ‍ॅसिड" असतं, चाकं चमकवायला. नाव नसलेल्या कॅनला हात लावू नकोस. स्वस्त व्हील क्लीनरमध्ये कधीकधी हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं. लागलं तेव्हा फारसं जाणवत नाही, पण आत हाडापर्यंत जातं. हातमोजे, रबरी बूट आणि डोळ्यांना चष्मा वापर. पंपाच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घे. शेतावरच्या ओल्या स्टार्टरने आपल्याकडे किती घरं उजाड केली ते तू पाहिलं असशील. इथे तर दिवसभर पाण्यातच उभं राहायचं आहे.

शिकायचं कुठे? जळगावच्या किंवा धुळ्याच्या भंगारवाल्याकडून एक काळं बॉनेट आण. काळंच. घराच्या अंगणात दोन विटांवर ठेव. त्यावर माती माख, वाळू दे, मग वर सांगितल्याप्रमाणे धू, पूस आणि उन्हात तिरकं धरून बघ. अर्ध्या भागावर मुद्दाम जुनं फडकं फिरव. फरक एकदा डोळ्यांनी पाहिलास की कोर्सातला पहिला आठवडा तिथेच संपला. हात बसला की त्याच बॉनेटवर पॉलिशिंगचं मशीन शिक. मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचं घे, म्हणजे गोल फिरताना इकडेतिकडेही हलणारं. नुसतं गोल फिरणारं रोटरी नवशिक्याच्या हातात पटकन तापतं आणि कडेचा रंग उडवतं. भंगारातल्या बॉनेटचा रंग उडाला तर कुणाचं काही जात नाही.

त्यानंतर एखाद्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ आणि पॉलिश करणाऱ्या दुकानात दोन महिने कमी पगारावर राहा. विलायतेत ज्याला व्हॅलेटिंग म्हणतात तेच काम आपल्याकडे डिटेलिंगच्या पाटीखाली चालतं. जळगाव, धुळे, नाशिकला अशी दुकानं आहेत. तिथे तोंड बंद आणि डोळे उघडे ठेव: कोणतं औषध किती पातळ करतात, फडकी कशी धुतात, गिऱ्हाइकाशी काय बोलतात. मायक्रोफायबर वेगळं धुवायचं, त्यात सुती कपडे घालायचे नाहीत, कम्फर्टसारखं काही टाकायचं नाही, इस्त्री करायची नाही. असल्या बारक्या गोष्टी पुस्तकापेक्षा तिथे कळतात. कोर्स करायचाच झाला तर वर्षभराने कर, आणि फी भरण्याआधी एकच विचार: मशीन माझ्या हातात किती तास असेल? उत्तर गोल गोल आलं तर परत ये.

सामानाला सुरुवातीला फार लागत नाही. दोन बालद्या आणि चाकांची तिसरी, दोन हातमोजे, वेगवेगळ्या रंगांची वीस फडकी, दोन मोठे टॉवेल, ब्रश, शांपू, क्लीनर, एक व्हॅक्यूम आणि घरगुती प्रेशर पंप. तो पंप मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतो, सेंटरवरच्या उघड्या पाइपापेक्षा खूप कमी. नोझल पंख्यासारख्या फवाऱ्याचं वापर आणि पत्र्यापासून फूटभर लांब धर. घरोघरी जाऊन काम सुरू कर, जागेचं भाडं नको. पुढे लागलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, आणि उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट होते. स्वतःची जागा केलीस तर धुतलेलं पाणी थेट नाल्यात सोडू नकोस. गाळ आणि तेल अडवणारा दोन कप्प्यांचा खड्डा आधी बांध. त्या नाल्याखालच्या विहिरीचं पाणी कुणीतरी पितं.

घरच्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस, आणि त्यांच्याशी वादही घालू नकोस. आखाजीला घरी पाहुण्यांच्या गाड्या येतील, त्यातली एक त्यांच्यासमोर धू. शेजारी दुसरी तशीच राहू दे. बघू दे त्यांना.

राहिले सर. तू त्यांना सांगायचंस, आणि त्यांच्या लक्षात येण्याआधी सांगायचंस. फोनवर नाही, घरी जाऊन. बॉनेट दुरुस्त करायला स्वतः मशीन घेऊन जाऊ नकोस. पॉलिश म्हणजे त्या ४०-५० मायक्रॉनमधलेच दोन-चार मायक्रॉन काढणं, आणि तुझा हात अजून त्याला बसलेला नाही. एखाद्या चांगल्या दुकानात रंगाची जाडी मोजणारं यंत्र असतं. आधी तिथे विचार, एका बॉनेटचे किती घेतात ते. मग सरांना सांग की मी धुताना हे झालं, कसं झालं ते मला आता कळलंय, आणि बॉनेटचा खर्च मी देतो, हप्त्याने का होईना. ते पैसे घेतील किंवा घेणार नाहीत, तो त्यांचा प्रश्न. संध्याकाळी जा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बॉनेटवर मार, म्हणजे रेघा स्वच्छ दिसतात. त्या त्यांना तूच दाखव.